शापांक शून्य

राज्य बुडायला आलं की आधी गाढव आणतं. हा डॉ. कल्पिता घरत हिचा सिद्धांत. तिने तो पहिल्यांदा मांडला तेव्हा परिषदेतली ज्येष्ठ मंडळी चहाच्या कपात तोंड लपवून हसली होती.

गाढव कोणतं, तर गद्धेगाळावरचं. कोकणात जुन्या गावाच्या शिवेवर असा एखादा दगड उभा सापडतो. वर चंद्र-सूर्य, मध्ये राजाने दिलेल्या जमिनीचा लेख आणि खाली कोरलेलं गाढव. हे दान जो मोडील त्याच्या आईची त्या गाढवाकडून काय गत होईल, ते चित्रातच दाखवलेलं. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही कळावं, ही राजाची सोय. गावकरी त्या दगडाकडे बघून लाजायचे, अभ्यासक त्याची साल-तारीख लावायचे. कल्पिताने एक साधा, दुकानदाराला सुचेल असा प्रश्न विचारला. ज्या राजाचा शिपाई दुसऱ्या दिवशी दारात येऊन मुसक्या बांधू शकतो, त्याला गाढव पाळायची गरज काय?

मग तिने यंत्र कामाला लावलं. झिजलेल्या दगडावर वेगवेगळ्या कोनांतून तिरपा प्रकाश टाकून फोटो घेतले, की बोटाला न लागणारी अक्षरंही संगणकाला दिसतात. असे वाचलेले शिलाहारांचे, यादवांचे लेख, सुलतानांची फर्मानं, बाबिलोनचे सीमादगड, उतारवयातल्या रोमचे कायदे, सगळं हुकुमांचं धान्य तिने एकाच जात्यात ओतलं. यंत्र प्रत्येक हुकुमात दोनच गोष्टी शोधायचं. ‘असं केलं नाहीस तर तसं होईल’ या वळणाचं वाक्य किती वेळा आलं आणि त्यातलं ‘तसं’ किती भयंकर आहे, ही पहिली. तोच हुकूम पुन्हा किती वेळा काढावा लागला, ही दुसरी. कारण तिसऱ्यांदा काढलेला हुकूम आधी दोनदा कुणी ऐकलेला नसतो. या दोन्हींतून एक आकडा निघायचा. त्याला तिने नाव दिलं शापांक. ताप म्हणजे रोग नव्हे, पण रोग आहे हे ताप सांगतो, तसं हे.

चढत्या राज्यांचे हुकूम अगदी कोरडे निघाले, वाण्याला दिलेल्या चिठ्ठीसारखे. अमुक गाव अमक्याला दिलं, सारा इतका, संपलं. राज्य उताराला लागलं की त्यात दंड शिरायचा, मग हात तोडणं, मग नरक, शेवटी गाढव. शापांक एका रेषेपलीकडे गेला आणि ते राज्य नातवंडांच्या हाती धड पोचलं, असं उदाहरण तिला सापडलं नाही.

प्रबंधाच्या वेळी एका परीक्षकाने शंका काढली होती. ‘समुद्र येतोय, पळा, नाहीतर बुडाल’ हेही त्याच वळणाचं वाक्य. इशारा कुठला नि धमकी कुठली हे यंत्राला कळतं का? कळत नव्हतं. कल्पिता म्हणाली, “सर, कुठला राजा धमकी स्वतःच्या नावावर देतो? देव कोपेल, दुष्काळ पडेल, असंच म्हणतो. तेव्हा दोन्ही मोजलेलं बरं.” परीक्षक खूश झाले. उत्तर हुशारीचंच होतं. हुशार उत्तरांचं बिल फार उशिरा येतं, एवढाच त्यांचा दोष.

पुढे शापांकाचं ॲप निघालं आणि लोकांना नवा खेळ मिळाला. ‘इथे गाडी लावल्यास चाकांची हवा सोडण्यात येईल’ अशी पाटी लावणारा सोसायटीचा अध्यक्ष निवडणुकीत आपटला. एका मुलीने होणाऱ्या नवऱ्याचे मेसेज ॲपमध्ये टाकले आणि साखरपुडा मोडला. संसार पहिल्या दिवाळीलाच बुडणार, असं ॲपने सांगितलं होतं. बडबड्या सासूंचा भाव पडला, घुम्या सासऱ्यांचा वधारला. जगातले कर्ज देणारे तर शहाणेच. त्यांनी पैसा सोडण्याआधी सरकारांचा शापांक बघायला सुरुवात केली.

कल्पिताचं माहेर खारवेळी, अलिबागकडच्या खारेपाटातलं. समुद्रसपाटीच्या खाली भातशेती आणि घरं, आणि खाडी नि घरं यांच्यामध्ये मातीचा एक बांध. हे गाव बांधामुळे आहे आणि बांध गावामुळे. तिथे तिचा धाकटा भाऊ जयेंद्र राहायचा. त्यानेच गावात तिचा सत्कार ठेवला. शाळेच्या पटांगणात शाल-नारळ झाल्यावर कल्पिता जे बोलली, ते गावाने पाठ करून टाकलं.

“ज्याच्या अंगात दम असतो तो दम देत नाही. सरकार ओरडायला लागलं की समजा, त्याचे दिवस भरले. आणि सरकार गप्प असलं की निवांत झोपा.”

टाळ्या पडल्या. जयेंद्रने तर तिचा फोटो समाजमंदिरात गणपतीच्या शेजारी लावला. “फकस्त उंदीर तेवडा कमी हाय,” त्याची बायको सुचिता म्हणाली आणि सगळ्यांत आधी स्वतःच हसली.

* * *

खाडीच्या तोंडाशी नवं बंदर झालं, त्याच्याभोवती शहर झालं आणि त्या सगळ्यावर अष्टागर महाबंदर प्राधिकरण बसलं. खारवेळीचा बांधही प्राधिकरणाने ताब्यात घेतला. पूर्वी गावकी एकत्र येऊन बांधाची डागडुजी करायची, खेकड्यांनी पाडलेली भोकं चिखलाने बुजवायची. आता त्यावर फावडं मारणं हा गुन्हा होता. मुख्य प्रशासक होते श्रीरंग बेंद्रे. माणूस इतका मृदू, की ते कुणाला काढून टाकत असले तरी समोरच्याला वाटावं बढतीच देताहेत. त्यांनी कल्पिताला सल्लागार म्हणून बोलावलं.

“डॉक्टर, आमचा शापांक फार आहे. कर्जवाले नाक मुरडतात. खाली आणून द्या.”

कल्पिताला वाटलं होतं, शापांक खाली आणायचा म्हणजे कारभार सुधारायचा. बेंद्रेंनी जवळचा रस्ता घेतला. त्यांनी धमक्याच बंद केल्या. शिक्षा चालू ठेवल्या.

आधी फेरीवाल्याला तीनदा नोटीस जायची, मग गाडी उचलली जायची. आता एका सकाळी गाडी नसायचीच. विचारायला गेलं तर खिडकीवरची मुलगी गोड हसून म्हणायची, “आमच्याकडून तुम्हाला काही पत्र आलंय का? नाही ना? मग?” एका शिक्षकाने प्राधिकरणावर लेख लिहिला, त्याला कुणी बोललं नाही, रागावलं नाही. फक्त त्याचं प्रवासाचं कार्ड चालेना, मग गॅस येईना, मग मुलाचं नाव शाळेच्या पटावर सापडेना. हवामानाचे इशारे, उधाणाच्या भरतीचे भोंगे, ‘विजेची तार, हात लावल्यास मृत्यू’ असल्या पाट्या, सगळं हळूहळू नाहीसं झालं. यंत्र तेही मोजत होतं ना!

शापांक उतरला, कर्ज आलं. शहर इतकं शांत झालं की पाहुणे म्हणायचे, वा, काय शिस्त! कल्पिताला हे दिसत नव्हतं असं नाही. पण तिच्या नावाचं दालन होतं, दालनाला समुद्राकडे उघडणारी खिडकी होती, आणि माणसाला खिडकी मिळाली की त्याला बाहेरचंच जास्त दिसतं.

श्रावणातल्या एका दुपारी बेंद्रेंनी तिला जेवायला बोलावलं. भिंतीवर बंदराचा नवा नकाशा होता. खारवेळी होती तिथे कंटेनर ठेवायचं आवार दाखवलं होतं.

“गाव कुठे गेलं?” कल्पिताने विचारलं.

“जाईल,” बेंद्रे म्हणाले. “सोलकढी घ्या ना.”

“त्यांना नोटीस दिली?”

“डॉक्टर, तुम्ही विचारताय? एवढी घरं हलवायची म्हणजे नोटिसा, सुनावण्या, पुन्हा नोटिसा, पोलीस. शापांक कुठे जाईल! आम्ही काहीच करत नाही आहोत. बांधाची दुरुस्ती गेल्या दिवाळीपासून थांबवलीय, एवढंच. या अमावास्येला मोठं उधाण आहे.” त्यांनी भाताचा घास नीट गोळा केला. “समुद्र करेल ते.”

कल्पिताने वाटी खाली ठेवली. “साहेब, माझा भाऊ आहे तिथे.”

“मग त्याला सांगा की. तुम्हाला कुणी अडवलंय?”

“त्याला माझं पटणार नाही. कागद द्या. एक नोटीस काढा. वाटेल तशी काढा, घरं पाडू म्हणा, तुरुंगात टाकू म्हणा. एक धमकी द्या हो!”

सरकारकडे पदर पसरून धमकी मागणारी बाई बेंद्रेंनी पहिल्यांदाच पाहिली असावी. ते क्षणभर खरोखर हळवे झाले. मग म्हणाले, “नाही जमायचं. ते आपल्या तत्त्वात बसत नाही.”

* * *

जयेंद्र ओटीवर जाळं विणत बसला होता. कल्पिता चप्पल न काढताच बोलायला लागली. बांध फुटणार आहे, अमावास्येच्या आत निघा, माझ्या फ्लॅटवर चला, सामान मी पाठवते गाडीतून. जयेंद्रने तिला आधी पाणी दिलं.

“नोटीस हाय?”

“नाही. तेच तर.”

“मंग? तूच सांगितलस ना ताय, सरकार गप्प तर निवांत झोपा. बेंद्रे सायेब येक शबुद बोलला नाय वरसभर. येवडा मजबूत मानूस! त्याला आमाला उठवायचा असता तर बोलला नसता?”

“अरे, आता ते बोलतच नाहीत कुणाशी. बोलायचं बंद केलंय त्यांनी. माझ्यामुळे.”

“तुज्यामुलं!” जयेंद्र कौतुकाने हसला. “आयकलंस सुचिता? ताय बोलते, सरकार तिज्यामुलं सुधारला.”

सुचिता आतून म्हणाली, “भोकं लय झाल्यान पन बांधाला. खेकडं दिसतान.”

“हात लावलास त गुना हाय,” जयेंद्र म्हणाला. “त्यांनी मानसा ठेवलेत बांध बघाला. सरकार हाय ना.”

शेजारची दोन घरं मात्र कल्पिताचा चेहरा बघून घाबरली. त्यांनी भांडीकुंडी गोण्यांत भरायला घेतली. तेवढाच तिला धीर आला. कागद असता तर बाकीचेही हलले असते, या विचाराने ती परत आली आणि दालनाचं दार लावून तिने कागद तयार केला.

लेटरहेड तिच्याकडे होतं, शिक्का होता. मजकुराचं तर विचारायलाच नको. हजारो वर्षांच्या राजांचे शिव्याशाप जिने पोटात घातले, तिला एक प्रशासक लिहिणं काय अवघड! ‘अमावास्येपूर्वी घरे रिकामी न केल्यास ती आतील इसमांसह जमीनदोस्त करण्यात येतील. वीज, पाणी, शिधा कायमचा तोडण्यात येईल. कसूर करणाऱ्यांच्या वारसांस या जिल्ह्यात कोठेही राहू दिले जाणार नाही.’ तिने वाचून पाहिलं. तिचं तिलाच भय वाटलं, तेव्हा कुठे समाधान झालं. नोटीस तिने स्वतः नेऊन समाजमंदिराच्या दारावर चिकटवली.

लोक जमले. वाचता वाचता चेहरे उतरले. म्हाताऱ्या सरपंचाने टेम्पो कुठे मिळेल ते विचारलं. कल्पिता मनात म्हणाली, झालं, निघाले.

तेवढ्यात जयेंद्रने मोबाइल काढला, नोटिशीचा फोटो घेतला आणि ॲपमध्ये टाकला. आकडा आला तसा तो ओरडलाच, “आयला! येवडा शापांक त रोमचा पन नवता!”

“म्हंजी?” सरपंचाने विचारलं.

“म्हंजी बेंद्रेचा राज बुडला! घाबरलाय तो. आता जो हलला तो येडा. फकस्त बसून राव्हाचा, कलला? तोच पलल!”

मग काय विचारता. कुणीतरी फटाके आणले. ज्या दोन घरांनी गोण्या भरल्या होत्या, त्यांनी शरमून त्या सोडल्या आणि भांडी परत फळीवर लावली. कल्पिताने भावाला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं. तिथे सुचिता पिठोरीची भाजी निवडत होती.

“जया, ती नोटीस खोटी आहे. मी लिहिलीय.”

 जयेंद्रने दार ढकलून घेतलं. “कोनाला सांगू नको. जेलात जाशील.” आणि हळूच म्हणाला, “पन मंग त आजून बेस झाला. खरी असल त त्यांचा राज बुडतंय. खोटी असल त आमाला धोकाच नाय. दोनी बाजून आमीच जिंकलो ना गो?”

“अरे, समुद्र कुठल्या बाजूने आहे ते बघ!”

“समुद्र आमाला नवा हाय?” तो म्हणाला आणि बाहेर गेला. कल्पिता एकटीच शहरात परत निघाली तेव्हाही फटाके चालूच होते.

* * *

अमावास्येची मोठी भरती या किनाऱ्यावर भरदुपारी येते. ऊन पडलेलं होतं. भोंगा वाजला नाही, कारण भोंगा नव्हताच. उघाडीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, बाजूला खेकड्याच्या भोकातून बोटभर धार लागली. गायी बांधायला गेलेल्या पोरींनी ती पाहिली आणि हसत हसत त्यात पाय धुतले. त्या घरी पोचेपर्यंत बांध फुटून त्याला घर मावेल एवढी खांड गेली होती.

जयेंद्र फावडं घेऊन धावला. गुन्ह्याची आठवण तेव्हा कुणालाच राहिली नाही. तो आणि आणखी काही गडी खांडीत उतरून एकमेकांचे हात धरून उभे राहिले. मागचे चिखलाच्या गोण्या टाकत होते. खारेपाटात हे असंच करतात, माणसांचा बांध घालतात. पण माणसांचा बांध मातीच्या बांधाला टेकू द्यायला असतो. इथे टेकू द्यायला मातीच उरली नव्हती. सुचिताने ते शाळेच्या गच्चीवरून पाहिलं. हात शेवटपर्यंत सुटले नाहीत, त्यामुळे सगळे एकदमच गेले.

पुढच्या आठवड्यात बेंद्रेंनी कल्पिताला बोलावून घेतलं. त्यांनी काळी फीत लावली होती. टेबलावर पाण्याने फुगलेला एक कागद होता, समाजमंदिराच्या दारावरून काढलेला.

“फार वाईट झालं,” ते म्हणाले आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. “चौकशी बसणार आहे. प्रश्न एकच आहे, लोकांना आधी सांगितलं होतं का. सांगितलं नसेल तर प्रत्येक घराला शहरात घर द्यावं लागेल. सांगूनही राहिले असतील, तर कायद्याने ते घुसखोर.” त्यांनी कागदावरून हलकेच हात फिरवला. “मला वाटत होतं, आपण सांगितलं नाही. पण सांगितलेलं दिसतंय.”

“हा आपला नाही.”

“लेटरहेड आपलं आहे. शिक्का आपला आहे.”

“मग शापांक?”

“तो जावक नोंदवहीतल्या कागदांचाच मोजला जातो. या नोटिशीची नोंद कुणी केलेली नाही.” बेंद्रे हसले नाहीत. “मोजायला खोटी, दाखवायला खरी. असा कागद मी चाळीस वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही, डॉक्टर. मोठं काम केलंत.”

“आणि मी चौकशीत खरं सांगितलं तर?”

बेंद्रेंनी खिडकीबाहेर पाहिलं. “मी तुम्हाला काहीच सांगत नाही. आपण सांगत नाही कुणाला.”

ती जिना उतरली तेव्हा दाराने तिचं कार्ड ओळखलं आणि उघडलं. तिला इतकं हायसं वाटलं, की त्याचीच नंतर लाज वाटली.

* * *

चौकशी तहसील कचेरीत होती. मोडक्या बाकांवर खारवेळीची उरलेली माणसं बसली होती. त्यांच्या पायांचा चिखल अजून निघालेला नव्हता, की त्यांनी काढला नव्हता. सुचिता पहिल्या बाकावर होती. चौकशी अधिकारी बाई तरुण होत्या, नीट ऐकून घेत होत्या.

“सुचिताबाई, ही नोटीस तुम्ही पाहिली होती?”

“हां. पायली.”

“तरी राहिलात. का?”

सुचिताने मागे वळून कल्पिताकडे पाहिलं. नोटीस कुणी लिहिली हे त्या खोलीत कल्पिताखेरीज तिलाच ठाऊक होतं. तिने एक शब्द उच्चारला असता तर गावाला घरं मिळाली असती आणि नणंद आत गेली असती. तिने तो शब्द गिळला.

“बाय, नोटीस खरी का खोटी त्या ताईना इचारा. त्याच शिकलेल्या. भाव गेलाय त्यांचा. त्या खोटा बोलनार नाय.”

अधिकारी बाई कल्पिताकडे वळल्या. पंखा कुरकुरत होता. मागच्या बाकावर म्हातारा सरपंच कानाला हात लावून पुढे झुकला. कल्पिताने मनात झटपट हिशेब केला. तो तिचा धंदाच होता. जया परत येणार नाही, ही एक बाजू. दालन, खिडकी, कार्ड आणि तुरुंगातली वर्षं, ही दुसरी. गावाला घरं मिळणं हेही कुठेतरी मांडायचं होतं, पण त्याला रकाना सापडेना.

“डॉक्टर घरत, ही प्राधिकरणाची नोटीस आहे का?”

“हो,” कल्पिता म्हणाली. “प्राधिकरणाचीच आहे. मी स्वतः लावली.”

बाईंनी लिहून घेतलं. बाकांवर थोडी कुजबुज झाली. एकेक जण उठून अंगठे आणि सह्या करून बाहेर पडला. सुचिताने सही केली, पेन टोपण लावून परत दिलं.

कल्पिताने तिला आवारात गाठलं. “सुचिता, थांब. मी बघते तुझं काहीतरी. माझ्याकडे राहा.” सुचिता चालत राहिली. कल्पिताने तिचा हात धरला. “अगं, शिव्या दे मला. चार लोकांत दे. थोबाडीत मार, पण काहीतरी बोल.”

सुचिता थांबली. तिने हात सोडवून घेतला, झटकला नाही, नुसता सोडवून घेतला.

“काय बोलू, ताई?” ती म्हणाली. “तुमच्याकडं बोललेला मोजतान.”

आणि कचेरीच्या फाटकाबाहेर एसटी लागली होती, तिच्यात जाऊन बसली.